राजधानीतली शेतकऱ्यांची गल्ली : वायनोरीची रोल्नीत्स्का कशी पाहायची

स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हाला जाणारे अनेक प्रवासी व्हिएन्नाहून सकाळच्या रेल्वेने येतात. तासाभराचा प्रवास, मग किल्ला, जुना चौक, डॅन्यूबवरचा पूल, आणि संध्याकाळी परत. त्यात काही गैर नाही, जुनं शहर खरंच देखणं आहे. पण हे शहर कशावर उभं राहिलं, त्याला दूध, धान्य आणि द्राक्षं कोण पुरवत होतं, हे त्या चौकात कळत नाही. त्यासाठी शहराच्या ईशान्य टोकाला वायनोरी नावाच्या उपनगरात जावं लागतं आणि तिथल्या रोल्नीत्स्का नावाच्या लांबलचक रस्त्याने निवांत चालावं लागतं. नावाचा अर्थ सरळ आहे : शेतकऱ्यांचा रस्ता.

आधीच सांगतो, पहिल्या नजरेत निराशा होईल. एखादं बुटकं पांढरं घर, शेजारी सत्तरच्या दशकातलं करड्या गिलाव्याचं चौकोनी घर, त्याला लागून काल-परवा बांधलेलं मोठ्या काचांचं घर. मधूनच गाड्यांची वर्दळ. ‘यात ऐतिहासिक काय?’ असं वाटणं साहजिक आहे. उत्तर असं की या रस्त्याचं वय घरांत शोधलं तर फार थोडं सापडतं. ते जमिनीच्या पट्ट्यांत आहे. घरं पडली, पुन्हा बांधली गेली, पण एका घराची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ही रेघ मात्र कितीतरी पिढ्या जागची फारशी हललेली नाही. ती रेघ कशी पडली आणि का टिकली, हे एकदा समजलं की रस्ता आपोआप उलगडायला लागतो.

आधी थोडी ओळख. वायनोरी हे लिटल कार्पेथियन डोंगररांगेच्या पायथ्याशी, डोंगर आणि डॅन्यूबचं मैदान जिथे भेटतात तिथे वसलेलं जुनं गाव. डोंगराच्या बाजूला द्राक्षमळे, मैदानाच्या बाजूला शेतं आणि ओली कुरणं. पुढे स्वेटी यूर गावाजवळ शूर नावाचं दलदलीतलं जंगल आजही राखीव म्हणून टिकून आहे. जर्मन आणि हंगेरियन भाषांतली गावाची जुनी नावं दारू आणि द्राक्षांशी जोडलेली आहेत, त्यावरून धंदा काय होता ते कळतं. ब्रातिस्लाव्हाला तेव्हा प्रेसबर्ग म्हणत, स्लोव्हाक लोक प्रेशपोरोक म्हणत. ‘ब्रातिस्लाव्हा’ हे अधिकृत नाव १९१९ मधलं. सोळाव्या शतकापासून वायनोरी या शहराच्या मालकीचं गाव झालं. म्हणजे इथल्या शेतकऱ्यांचा जमीनदार कुणी सरदार-उमराव नव्हता, चक्क नगरपालिका होती. शहराचा भाग मात्र गाव फार उशिरा झालं, १ एप्रिल १९४६ ला. त्या दिवशी राचा, लामाच, दुब्राव्का, देवीन, पेत्रझाल्का अशी आजूबाजूची गावंही एकदमच शहरात आली.

आता घरं अशी का, याकडे वळू.

या भागातलं जुनं शेतकरी घर रस्त्याला तोंड करून बसत नाही, कूस वळवून बसतं. रस्त्यावर दिसते ती घराची अरुंद बाजू : वर छपराचा त्रिकोण, खाली दोन लहान खिडक्या, शेजारी मोठं फाटक. बाकी सगळं घर फाटकाच्या आत, अंगणाच्या एका कडेने मागे मागे गेलेलं. रस्त्यालगतची पहिली खोली सणासुदीची. उशा रचलेले पलंग, देवाच्या तसबिरी, उत्तम कपडे ठेवायचा पेटारा. पाहुणा आला, लग्न निघालं किंवा घरात कुणी गेलं, तरच ती वापरायची. तिच्या मागे ‘पित्वोर’ म्हणजे प्रवेशाची खोली. तिथेच रुंद धुरांड्याखाली चूल असे आणि त्याच धुरात डुकराचं मांस टांगून टिकवत. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंच्या खोल्यांतल्या शेगड्यांना लाकडं याच खोलीतून घालत. त्यामुळे धूर इथेच राहायचा आणि राहत्या खोल्या उबदार तरी स्वच्छ असायच्या. पित्वोरच्या पलीकडे घरातली माणसं खरोखर जिथे राहत ती मागची खोली, मग कोठीची खोली, मग गोठा, आणि पट्ट्याच्या अगदी शेवटी आडवं धान्याचं कोठार. कोठाराच्या मागे शेत.

म्हणजे एकेक घर म्हणजे वीस-पंचवीस पावलं रुंद आणि कित्येक पट लांब अशी पट्टी. असं का? रस्त्याला लागून जागा सगळ्यांनाच हवी होती. गावचा रस्ता, विहीर, चर्च, बाजारची वाट सगळं त्याच्यावर. जास्तीत जास्त कुटुंबांना रस्त्यावर दार द्यायचं तर प्रत्येकाला दर्शनी रुंदी कमीच मिळणार आणि भरपाई लांबीत होणार. मध्य युरोपातली बरीच वसाहत-गावं अशीच एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोरी लावून आखलेली आहेत.

यात फाटकाची एक स्वतंत्र कथा आहे. स्लोव्हाकिया १९१८ पर्यंत हंगेरीच्या राज्यात होता. तिथे राजा पहिला चार्ल्स याने १३३६ मध्ये शेतकऱ्यांवर कर बसवला तो डोईपट्टी म्हणून नव्हे, फाटकाप्रमाणे. ज्या फाटकातून गवताने भरलेली गाडी आत जाऊ शकते ते एक फाटक, आणि तेच कराचं एकक. मोजणाऱ्याच्या दृष्टीने पद्धत सोपी होती. गावातून घोड्यावरून फिरायचं आणि फाटकं मोजायची. पण माणसं कुठेही चतुरच असतात. एका फाटकाच्या आत दोन-तीन कुटुंबं राहू लागली, म्हणजे कर एकच. शेवटी १४६७ मध्ये राजा मात्याश याने ही सवलत मोडून काढली आणि हिशेब घरटी सुरू केला. आज रोल्नीत्स्कावर दिसणारी फाटकं अर्थातच तेवढी जुनी नाहीत, बहुतेक गेल्या शंभर-दीडशे वर्षांतली असतील. पण भरलेली गाडी आत गेली पाहिजे हे माप मात्र ट्रॅक्टर येईपर्यंत शेतकऱ्याच्या गरजेचंच होतं, त्यामुळे फाटकाची रुंदी टिकली. आता त्यातून मोटार आरामात जाते, हा फायदा कुणी योजलेला नव्हता.

दुसरी मोठी गोष्ट वाटणीची. ऑस्ट्रियाच्या आणि बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) बऱ्याच भागांत शेत एकाच वारसाकडे जाई, बाकीच्या भावंडांनी पैसे घेऊन किंवा रिकाम्या हातांनी बाहेर पडायचं. हंगेरीच्या राज्यात, म्हणून आजच्या स्लोव्हाकियातही, मुलांमध्ये समान वाटण्या करायची रीत होती. आपल्याला याचे परिणाम समजावून सांगायची गरज नाही. शेताचे अर्धे, मग पाव, मग आठवा हिस्सा. आणि वाटणी फक्त शेताची होत नव्हती, अंगणाचीही होत होती. थोरल्याने पुढचं घर ठेवलं, धाकट्याने त्याच्या मागे आपलं जोडून बांधलं, पुढच्या पिढीत त्याच्याही मागे आणखी एक. असं होत होत पश्चिम स्लोव्हाकियात ‘लांब अंगणं’ तयार झाली. एक फाटक, एक विहीर, आणि अंगणाच्या कडेने आगगाडीच्या डब्यांसारखी ओळीने चार-पाच कुटुंबं. भांडणं होत असणार हे उघड आहे. पण पट्टीची बाहेरची हद्द त्यात मोडली नाही, कारण वाटण्या आतल्या आत होत राहिल्या.

सरकारने या सगळ्याची पहिली नीट नोंद केली ती मारिया तेरेझा राणीच्या काळात. १७६७ पासून राज्यातल्या गावोगावी नऊ प्रश्नांची एक ठरलेली यादी घेऊन अधिकारी फिरले : जमीनदाराला काय देता, किती दिवस वेठीला जाता, गावाला काय फायदे आहेत, काय अडचणी आहेत. त्यावरून प्रत्येक कुटुंबाची जमीन ‘पूर्ण’, ‘अर्धी’ किंवा ‘पाव’ अशी ठरली आणि वेठही तिच्या प्रमाणात. पूर्ण जमीनवाल्याने आठवड्यातून एक दिवस स्वतःचे बैल-घोडे घेऊन, किंवा दोन दिवस नुसत्या हातांनी राबायचं. ज्यांच्याकडे फक्त झोपडी होती किंवा तीही नव्हती त्यांचा हिशेब वेगळा. वेठबिगार कायद्याने संपली १८४८ मध्ये.

द्राक्षमळे मात्र या चौकटीच्या बाहेर राहिले. ते शेतकऱ्याच्या ठरलेल्या जमिनीत धरले जात नसत. पिकातला हिस्सा दिला की मळा विकता येई, विकत घेता येई, मुलीला देता येई. म्हणून डोंगराच्या पायथ्याच्या गावांतल्या शेतकऱ्याकडे मैदानातल्या शेतकऱ्यापेक्षा थोडा जास्त रोकडा खेळत असे. माझ्या मते वायनोरीच्या भरतकामामागे आणि रंगकामामागे या पैशाचाही हात आहे. इथल्या पोशाखांवरची फुलापानांची नक्षी स्लोव्हाकियात ‘वायनोरी नक्षी’ म्हणूनच ओळखली जाते. आधी ती कापडावर होती, मग बायकांनी ती घराच्या भिंतींवर उतरवली. विसाव्या शतकात कातारीना ब्रूदेरोव्हा या शेतकरी घरातल्या चित्रकर्तीमुळे ती गावाबाहेर पोचली. रोल्नीत्स्कावर १८५ क्रमांकाला वायनोरीचं ‘लोकघर’ आहे. जुनं शेतकरी घर आतल्या सामानासह जपलेलं. वर सांगितलेली खोल्यांची रांग तिथे प्रत्यक्ष पाहता येते. जाण्याआधी ते कधी उघडं असतं हे विचारून घ्या, कारण हे रोजचं मोठं संग्रहालय नव्हे.

भिंतींबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण जतनाची खरी अडचण तिथे आहे. या भागातली जुनी घरं बऱ्याचदा न भाजलेल्या विटांची किंवा माती ठोकून उभारलेली. मातीत भुसा-पेंढा मिसळलेला, वरून चुन्याचा हात. पाया असला तर दगडाचा आणि उथळ. जमिनीतली ओल अशा भिंतीत वर चढते आणि चुन्यातून हळूहळू बाहेर सुकते. दरवर्षी चुना मारायची पद्धत केवळ शोभेची नव्हती. त्याने भिंत कोरडी राहायची आणि किडेही दूर राहायचे. मग घरात सिमेंट आलं. बाहेरून सिमेंटचा गिलावा, आत फरशीखाली काँक्रीट, खिडक्या घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या. ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नाही. ती भिंतीत साचते, मातीची ताकद जाते, आणि दहा-पंधरा वर्षांत मालक म्हणतो, ‘घर जुनंच होतं, पाडावं लागलं.’ घर जुनं होतं हे खरं, पण बऱ्याचदा त्याला दुरुस्तीनेच मारलेलं असतं.

साठ-सत्तरच्या दशकांत पाडापाडीला आणखी एक कारण मिळालं. कम्युनिस्ट राजवटीच्या १९४९ च्या कायद्याने सहकारी शेतीची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत शेतं, बैल, अवजारं सहकारी संस्थांकडे गेली. स्वतःचं शेत नाही म्हटल्यावर गोठा रिकामा, कोठार रिकामं. लांबट घराचं निम्मं अंग एकाएकी बिनकामाचं झालं. त्याच वेळी शहरातल्या कारखान्यांत पगार मिळू लागला होता. त्या पैशातून स्लोव्हाकियाभर एकाच साच्याची चौकोनी दुमजली घरं उठली. स्लोव्हाक लोक त्यांना ‘ठोकळा’ म्हणतात. त्यांवरचा करडा, अभ्रकाने किंचित चमकणारा खरबरीत गिलावा रोल्नीत्स्कावरही दिसेल. हौशी पर्यटक या घरांकडे नाक मुरडतात. मला ते पटत नाही. नळाचं पाणी, न्हाणीघर आणि मुलांसाठी वेगळी खोली हवी असणं यात अपराध काय? आणि नीट पाहिलं तर ठोकळासुद्धा त्याच जुन्या पट्टीत, त्याच फाटकाशेजारी उभा आहे.

मग पूर्ण गावच का पुसलं गेलं नाही? याचं उत्तर शेजारच्या पेत्रझाल्काकडे पाहिलं की मिळतं. डॅन्यूबच्या पलीकडचं तेही १९४६ मध्येच शहरात आलेलं मोठं गाव. सत्तरच्या दशकात तिथली जुनी वस्ती जवळजवळ सगळी पाडून काँक्रीटच्या तयार भिंतींच्या इमारती उभ्या केल्या आणि आज तिथे लाखभर लोक राहतात. वायनोरीच्या वाट्याला ते आलं नाही. शहर आणि गाव यांच्यामध्ये शेतं होती, रेल्वे होती आणि वायनोरीचा विमानतळ होता. हा विमानतळही इतिहासात नोंद ठेवून गेला. चेकोस्लोव्हाकियाच्या संस्थापकांपैकी एक, मिलान रास्तिस्लाव श्तेफानिक, ४ मे १९१९ ला इटलीहून याच मैदानाकडे येत असताना जवळच इव्हान्का गावापाशी त्यांचं विमान कोसळलं आणि ते गेले. १९२३ मध्ये प्राग-ब्रातिस्लाव्हा विमानसेवा सुरू झाली तीही इथे, आणि २२ एप्रिल १९९० ला पोप दुसरे जॉन पॉल यांची प्रार्थनासभाही याच मैदानावर भरली. २००७ मध्ये विमानतळ बंद झाला. मधल्या मोकळ्या जागेची ढाल त्यामुळे पातळ झाली आहे.

प्रशासनाचाही हात आहे. ब्रातिस्लाव्हाचे आज १७ विभाग आहेत, आणि १९९० च्या कायद्याने प्रत्येकाला स्वतःचा निवडून दिलेला प्रमुख आणि स्वतःची सभा मिळाली. संपूर्ण शहराचा महापौर वेगळा. म्हणजे वायनोरीला शहरात राहूनही गावासारखं स्वतःचं कार्यालय आहे, आणि तेही रोल्नीत्स्कावरच. मुंबईच्या वेढ्यात सापडलेल्या गावठाणांना असं काही मिळालं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

वारसा-कायद्याची रचनाही समजून घ्यायला हवी, कारण लोक ‘संरक्षित’ हा शब्द सरसकट वापरतात. स्लोव्हाकियाचा २००२ चा कायदा, क्रमांक ४९, तीन गोष्टी वेगळ्या करतो. एखादी वास्तू ‘राष्ट्रीय सांस्कृतिक स्मारक’ म्हणून नोंदवता येते. मग तिची दुरुस्ती करण्याआधी मालकाला प्रादेशिक स्मारक कार्यालयाचा निर्णय घ्यावा लागतो. फार मोलाचा सलग परिसर असेल तर सरकार त्याला राखीव क्षेत्र करतं. ब्रातिस्लाव्हाचं जुनं शहर १९५४ पासून असं राखीव आहे. आणि तेवढं सलग नसलेल्या पण स्वतःची ठेवण असलेल्या भागासाठी ‘स्मारक विभाग’ असतो. राखीव क्षेत्रात किंवा स्मारक विभागात तुमचं घर स्मारक नसलं तरी छपराचा उतार, खिडक्या, कुंपण बदलताना कार्यालयाचं मत घ्यावं लागतं. कारण तिथे जपायची असते ती एकूण ठेवण : रस्त्याची ओळ, छपरांची उंची, पट्ट्यांची रुंदी. जुन्या गावांच्या रस्त्यांसाठी हीच पद्धत मला अर्थपूर्ण वाटते. एकच घर काचेच्या पेटीत ठेवून शेजारच्या तीन पट्ट्या जोडून आडवी इमारत बांधू दिली, तर रस्ता गेलाच म्हणायचा, घर कितीही सुंदर राखलं तरी.

जमिनीच्या तुकड्यांची गोष्ट अजून संपलेली नाही. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट संपल्यावर जमिनी मूळ मालकांच्या वारसांना परत करायचा कायदा १९९१ मध्ये आला. तोवर मूळ मालकांचे नातू-पणतू झालेले. एकेका लहानशा पट्टीला कितीतरी सहमालक निघाले. फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून १९९५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, पण तो गावठाणाबाहेरच्या जमिनीपुरता. गावाच्या आत आजचा दबाव वेगळा आहे : कोठाराची जागा आणि मागची परसबाग मोकळी करून तिथे दुसरं, तिसरं घर बांधणं. एका अर्थी ही जुनीच ‘लांब अंगणा’ची रीत. फरक इतकाच की मागच्या घरात आता भाऊ राहत नाही, विकत घेणारा अनोळखी माणूस राहतो.

प्रत्यक्ष जायचं असेल तर शहरातून बस सोयीची. रेल्वेचं वायनोरी स्टेशनही आहे, पण तिथून गावात यायला चालावं लागतं. याच पट्ट्यातून १८४० मध्ये ब्रातिस्लाव्हा ते स्वेटी यूर अशी घोड्यांनी ओढायची रेल्वे सुरू झाली होती आणि १८४६ मध्ये ती त्रनावापर्यंत गेली. नित्राला टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरच्या कारखान्यात कामानिमित्त गेलेल्या मराठी माणसाला एखादा रविवार मोकळा मिळाला, तर हा रस्ता अर्ध्या दिवसात निवांत होतो. वाइनची आवड असेल तर नोव्हेंबरात या डोंगरपायथ्याच्या गावांमधली घरगुती तळघरं लोकांसाठी उघडतात, तो काळ साधावा. उन्हाळ्याच्या शेवटी गावात कापणीचा सण होतो, तेव्हा भरतकाम केलेले पोशाख अंगावर पाहायला मिळतात.

निघण्याआधी घरी बसून एक काम करा. स्लोव्हाकियाचा जमीन-नोंदणीचा नकाशा इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतो. त्यात वायनोरी शोधून रोल्नीत्स्कावर या : दोन्ही बाजूंना लांब अरुंद पट्ट्या दिसतील. मग अठराव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या लष्कराने केलेला नकाशा उघडा, तोही इंटरनेटवर आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवा. तिथे पोचल्यावर एखादी पट्टी निवडून तिचं पुढचं फाटक पाहा, मग गल्लीने वळसा घालून तिची मागची बाजू शोधा. फाटक उघडं दिसलं म्हणून आत डोकावू नका, फोटो काढायचा तर आधी विचारा. लोक इथे राहतात. अंगणात कुणी दिसलं तर ‘दोब्री द्येन्य’ (नमस्कार) म्हणा. उत्तर बहुधा येईल.